अकरावी चूक

कापसाच्या आवकेची वही उलटी धरून
मी लिहीत होतो सावरखेड जिनिंगचे डाव.
पुढून गाड्या, क्विंटल, कट्टी.
मागून होम रन.
दोन्ही हिशेब नऊ वर्षं एकमेकांकडे चालत आले
आणि मधल्या पानावर भेटायच्या आत
जिनिंग बंद पडली.

बेसबॉल आणला आमच्या फिटरनं, बबन इंगोल्यानं,
अमरावतीला एकदा पाहून.
पोत्यात सरकी भरून तीन बेस शिवले,
चौथा, घरचा, मशिनीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा.
पहिल्या दिवशी गावानं विचारलं,
"दांडू येवढा मोठा, मंग विटी कुठं हाये बे?"

सर्वाधिक होम रन जानराव भटकरचे, अडतीस.
त्यातला सत्ताविसावा कापसाच्या गंजीत पडला
आणि सापडला नाही.
प्रेसवाला अजून शपथेवर सांगतो
की तो गाठीत दाबला गेला,
एकशे सत्तर किलोत एक चेंडू,
आणि रेल्वेनं गेला.
अंतराच्या रकान्यात मी लिहिलं : माहीत नाही.
अजून पडायचाच असेल.

सानू बेठेकर मेळघाटातून हंगामापुरता यायचा
पाठीवर रुई वाहायला.
ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाकलून
तयार झालेला हात.
दोनशे चौदा गडी त्यानं बॅट न लागू देता परत पाठवले.
बक्षिसाची स्टीलची बादली
स्टेजवरून उतरल्या उतरल्या हापशीखाली लावली.
त्याची आकडेवारी दर साल दिवाळीनंतर सुरू होते
आणि होळीला थांबते.

चोरलेले बेस : शेख अशपाक, त्रेसष्ट.
फळ्यावरचं कोणीतरी वाचून दाखवलं,
तशी त्याची अम्मी पदराला पैसे बांधून काट्यावर आली.
"किती चोरले बाबू? सांगा, भरून देते."
त्रेसष्ट, मी म्हणालो.
ती पोत्यावर मटकन बसली.

पुंडलिक सरदारची सरासरी चारशे बारा.
हेडमास्तर म्हणाले, शंभरात एकेचाळीस? थर्ड क्लास.
दहातून सहा वेळा हात हलवत परतणारा
या खेळात राजा असतो,
हे मी त्यांना सांगत बसलो नाही.

शालिक खंडाऱ्यानं काहीच गाजवलं नाही.
दुसऱ्या बेसजवळ तो उभा राहायचा
निंदणीला वाकल्यासारखा,
आणि जमिनीलगत आलेलं काही
त्याच्या हातून सुटत नसे.
नऊ वर्षांत चुका अकरा.
उत्कृष्ट क्षेत्ररक्षकाची जिल्ह्याची ढाल
एका चुकीनं मोर्शीला गेली.

ती अकरावी लिहिताना
मी चेंडूकडे पाहतच नव्हतो.
शेठचा माणूस कानाशी वाकला होता :
उद्यापासून काटा बंद. वही जमा करा.
मान वर केली तेव्हा चेंडू कुंपणाशी,
समोरचे गडी धावताहेत,
आणि शालिक गुडघ्यांवर हात ठेवून
जमिनीकडे पाहत उभा.
ढेकूळ असेल. दगड असेल. काय असेल ते.
मी त्याच्या नावापुढे फुली मारली.

वही मी जमा केली नाही.

यंत्रं भंगारात गेली. काटाघरात आता
एकजण मोबाईल दुरुस्त करतो.
परवा आठवडी बाजारात शालिक भेटला,
पोतं अंथरून वांगी मांडलेली.
तितकाच वाकलेला.
विचारलं, त्या दिवशी चेंडू कसा आला होता रे?
"कोणता चेंडू, बाबू?"
आणि वरून एक वांगं टाकून
काटा माझ्याकडे झुकू दिला.

रात्री वही काढली.
कॉपिंग पेन्सिलची फुली, खोडरबरानं जाईना.
बोट ओलं करून पुसली
तर जांभळी होऊन पसरली,
शालिकच्या नावावर,
शेजारच्या रकान्यात,
मागच्या पानावरच्या कोणाच्या तरी गाडीवर.