गाठ कुठं मारायची

पहिल्यांदा कडक भाकरी अडली.
म्हटलं, कडक भाकरी अडणारच, तिचं कामच ते.
आमटीत चुरली, गिळली.
मग चुरलेली अडली. मग भात.
गड्ड्याच्या जत्रेत नातवानं भरवलेला
गुलाबी साखरेचा कापूस तेवढा बिनबोभाट खाली उतरला,
आणि त्या रात्री राजव्वा विडी वळता वळता थांबली,
सूप बाजूला सारून म्हणाली,
उद्या दवाखाना.

पाच सलाईनं. तेवीस दिवस शेक.
मग डॉक्टर कलशेट्टींनी एक कागद उलटा केला
आणि माणसाचं धड काढलं, बिनडोक्याचं,
शिंप्याच्या मापासारखं.
अन्ननलिका काढायची, जठराची नळी शिवायची,
वर ओढून तिच्या जागी बसवायची.
इथवर सगळे सर्जन एका मताचे, म्हणाले.
रस्ते फुटतात ते पुढं.

एक रस्ता छातीतून.
पालथं झोपवून, उजव्या बरगड्यांत चार भोकं,
त्या बाजूचं फुफ्फुस मिटवून ठेवायचं छत्रीसारखं.
दुर्बिणीला सगळं दिसतं,
आजूबाजूचे दाणेही वेचता येतात.

दुसरा छातीला न शिवता.
पोटातून वर, गळ्यातून खाली,
दोन बोगदे मध्ये कुठंतरी भेटतात.
फुफ्फुसाला त्रास नाही,
पण मधला टप्पा निम्मा अंधाराचा.

आणि हैदराबादला यंत्र आहे.
त्याचं मनगट आपल्यापेक्षा जास्त वळतं.
बिल पण, राजव्वा म्हणाली.

मी विचारलं, सरळ मोठी चीर दिली तर?
चीर लहान तर खोकता येतं, ते म्हणाले,
खोकता आलं की न्यूमोनिया टळतो बऱ्याचदा.
पाच वर्षांनी कोण उरेल, तो हिशेब मात्र
मला दोन्हीकडं फार वेगळा दिसत नाही.
हे बोलताना त्यांनी पेनाचं टोपण लावलं.
तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

चाळीस वर्षं अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये जॉबर,
टॉवेलचा कापूस छातीत साठलेला.
फुंकायला तीन गोळ्यांचं खेळणं दिलं;
एकच गोळा उठला, तोही थरथरत.
तीन आठवडे फुंकलो. गच्चीवर, मोरीत,
नातू झोपल्यावर, नातवाशी पैज लावून.
दुसरा उठला.
कलशेट्टी म्हणाले, चला, छातीतून जाऊ.

राहिला प्रश्न जोडाचा.
छातीतच जोडला तर कमी गळतो,
पण गळला तर आत, गुपचूप, जिवावर.
गळ्यात जोडला तर जास्त वेळा गळतो,
पण बाहेर दिसतो, पट्टी बदलत राहायचं, भरून येतो.
शिवाय तिथून आवाजाची नस जाते. दुखावली तर घोगरा.

हे मला कुणी समजवायला नको होतं.
तुटलेला धागा दिसला तर तो दोष नसतो,
माग थांबवायचा, गाठ मारायची, चालू करायचा.
न दिसता विणला गेला
की अख्खा ताका परत येतो, व्यापारी शिव्या देतो.
गळ्यात मारा, म्हटलं.
आवाजाचं काय घेऊन बसलात,
शेडमध्ये कोण कुणाचं ऐकतं?
राजव्वा तिथं कांडी भरायची तेव्हापासून
आमचं सगळं हातांनीच ठरलेलं. लग्नसुद्धा.

सातव्या दिवशी निळं पाणी पाजलं.
सगळे माझ्या गळ्याकडं बघत उभे.
स्वतःचा गळा स्वतःला दिसत नाही,
मी राजव्वाकडं बघत राहिलो.
तिनं दोन बोटं कात्रीसारखी धरली:
तुटला.
नर्स कुणाला तरी बोलवायला गेली.
मी विचारणार होतो, नुसतीच हवा आली.

मग तिनं तंबाखूनं पिवळा पडलेला अंगठा
बोटावर एकदा फिरवला, जशी पूर्वी फिरवायची
मागांच्या गदारोळात, दोन रांगांपलीकडून:
बांध.
आणि तळहात पुढं ढकलला.
चालू दे.