अकरा सेंटीमीटर

हानुस दुकानात गेला तो
टॉवेलात गुंडाळलेला सामन मासा घेऊन.
गोठवलेला, साडेतीन किलोचा,
कारखान्यातून निघताना हातानं तोलून निवडलेला.
माशाचं वजन सांगायला हानुसला
काटा लागत नाही.

काउंटरवरच्या मुलीनं भुवईसुद्धा उचलली नाही.
फेरो बेटांवर माशाला कोण दचकणार?

एकेका गादीवर त्यानं मासा ठेवला, अलगद,
मानेखाली तळवा धरून,
(माशाला मान नसते, हे त्याला माझ्याहून जास्त कळतं)
दहा आकडे मोजले आणि उचलला.
पहिल्या गादीत खळगा तसाच राहिला,
कुणीतरी झोपून उठून गेल्यासारखा.
मी तिच्याकडे पाठ फिरवली.
दुसरी लोण्यासारखी. तिसरीवर ढग छापलेले,
किंमत ढगांइतकीच वर.
चौथी मात्र हट्टी निघाली.
मासा उचलला की सपाट,
तो मी नव्हेच असा चेहरा.
"हीच," मी म्हणाले,
"ही कुणाच्या भाराला भुलणार नाही."

समुद्राखालच्या बोगद्यातून घरी आलो.
मांडीवर गादी, मागे मासा वितळतोय,
पोटात ती लाथा मारतेय.

आरोग्यसेविका मालान सोमवारी आली, ओल्या बुटांनी.
गादी आणि कठडा यांच्या फटीत तिनं बोटं घातली:
एक गेलं, दुसरं अडलं.
मान हलवली.
मग एकेक वस्तू बाहेर काढत गेली,
उशी, बदकांची दुलई, कठड्याला बांधायची गुबगुबीत झालर,
माझ्या बहिणीनं विणलेला ससा.
शेवटी उरलं ते बघून मला रडू आलं.
एक चादर. ताणून बसवलेली. बस्स.
"एवढंच?"
"एवढंच. आणि पाठीवर झोपवायचं. दर वेळी."

दाराशी सासरे उभे होते,
हातात मेंढीचं कातडं.
ऑक्टोबरातल्या मेंढ्याचं, स्वतः कमावलेलं,
हिवाळाभर घासून, धुऊन, विंचरून
बर्फासारखं पांढरं केलेलं.
हानुस अशाच लोकरीवर वाढला,
हानुसचा बाप तशाच.
मालाननं त्यावरून हात फिरवला.
"किती सुंदर," ती म्हणाली,
आणि मग हळूच, "पण हिच्याखाली नको, पोल."
घड्याळ ऐकू येण्याइतकी शांतता.
सासऱ्यांनी कातड्याची घडी केली,
पुन्हा उलगडली, पुन्हा केली.
घडी काही जमेना.

रात्री खाट पलंगाला लावली
तेव्हा कळलं, ती उंच आहे.
सगळ्यात खालच्या खाचेत बसवली तरी
अकरा सेंटीमीटर उंच.
हानुसनं करवत आणली.
मी पत्रक पुढे केलं: पाय कापू नयेत.
तो बराच वेळ जमिनीवर बसून राहिला,
गालाला शिसपेन्सिलीचा डाग.

मग उठला, होडीच्या शेडमध्ये गेला.
मोडलेल्या नावेच्या कण्याचे चार ठोकळे आणले
आणि आमचाच पलंग उचलला.
एक कोपरा, मी पुस्तकं सरकवली,
दुसरा कोपरा, सासरे नाइटशर्टातच धावत आले.
मग पट्टे, बकल. ओढून बघितलं.
पुन्हा ओढून बघितलं.
दोन्ही गाद्या एका पातळीत,
मधे फट नाही. माझा हात
इकडून तिकडे गेला, कुठेच अडखळला नाही.

मुलाचे पाय म्हणे पाळण्यात दिसतात.
पाळणा अजून रिकामा
आणि दिसताहेत आमचेच:
पलंगाच्या कडेवर बसलोय दोघं,
चार पाय अधांतरी,
शाळेच्या पहिल्या दिवशी बाकावर बसवल्यासारखे.

बाहेर वारा छपराला हलवून बघतोय, पक्कं आहे का.

सकाळी माझ्या बाजूला, खाली, जमिनीवर
ते कातडं अंथरलेलं होतं.
कुणी, केव्हा, विचारलं नाही मी.
टाच अजून टेकत नाही.
बोटांची टोकं मात्र
लोकरीला लागतात.