पायांना ऐकू येतं

बोर्दास म्हणजे एकच रस्ता.
या टोकाला चर्च, त्या टोकाला गिरणी,
मधे सव्वीस दारं, सगळी एका मापाची,
आणि वर देवदाराच्या आड मालकाचा मनोरा.
त्याच्या खिडकीतून सव्वीसही दारं दिसत.
आमच्या दारांतून ती एक खिडकी.

खालून नदी, तेर.
तिला कुणी विचारलं नाही.
बांध घातला, कालवा काढला,
पाण्याला कामाला लावलं
आमच्या पणज्यांच्याही आधी.

रात्री नऊला किर्से फाटक लावायचा.
बाहेर वाईट वारं आहे, असं पाद्री सांगत.
आत मालकाची शाळा, मालकाचं दुकान,
आणि मालकाची पितळी नाणी, मधोमध भोक असलेली,
जी पूल ओलांडला की नुसती बटणं.
मावशीनं एक खरंच कोटाला लावलं होतं.

आई चार माग सांभाळायची.
त्या खडखडाटात शब्द टिकत नसे,
म्हणून बायका नुसत्या ओठांनी बोलत,
तोंड मोठं करून, आवाज न काढता.
सवय अशी जडली की रविवारी
प्रवचन चालू असताना
या बाकावरून त्या बाकावर
भांडणं व्हायची, मिटायची, कुणाकुणाचं सूत जुळायचं,
आणि पाद्रींना वाटे, काय गुणाच्या बायका!

संप असाच ठरला.
मालक पहिल्या रांगेत बसलेला,
त्याच्या पाठीमागे, एक अक्षर न उच्चारता.
अकरा दिवस चालला.
बाराव्या दिवशी तीन कुटुंबांचं सामान
किर्सेनं स्वतः पुलापलीकडे पोचवलं.
मावशी त्यांत होती. कोट अंगात.
ती चालता चालता मागे वळून काहीतरी बोलली,
ओठांनीच. आईला ते कळलं.
आम्हाला तिनं कधी सांगितलं नाही.

बार्सिलोनात पुढच्या हंगामात कुठला रंग चालणार
ते आम्हाला दुकानदारांच्या आधी कळे.
नदी सांगायची.
सोमवारी जांभळी, कधी आठवडाभर विटकरी.
शाळेत मी एकदा नदी निळी काढली,
तर बाई म्हणाल्या, 'आज गुरुवार आहे का?'

मग एका शुक्रवारी फाटकावर कागद.
आईनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली,
'तीन नंबरवर अर्धा वार राहिलाय.'
किर्से आता म्हातारा, हातात किल्ल्यांचा जुडगा.
त्यानं इकडेतिकडे पाहिलं
आणि जन्मात पहिल्यांदा वेळ संपल्यावर फाटक उघडलं.
ती गेली. एकटा माग चालू झाला.
आम्ही रस्त्यावर उभे होतो,
एकाच मागाचा आवाज कसा असतो
ते कुणाला माहीतच नव्हतं.
अर्धा वार विणला, कापला, घडी घातली,
तिथेच ठेवून आली.
'घरी का नाही आणलंस?'
'माझं होतं का ते?'

आता सात घरांत दिवे लागतात.
एका घरात नादोरहून आलेली घिझलान राहते,
तिचा मुलगा बांधावर गळ टाकून बसतो.
मासे परत आलेत. पाण्याला पाण्याचा रंग आलाय,
आईला तो फिका वाटतो.
शनिवारी कुणीकुणी येतं मागांचा माग काढत,
त्यांना आम्ही जमिनीतले बोल्ट दाखवतो.
बाकीचं भंगारात गेलं,
चर्चची घंटासुद्धा, कुणी नेली कुणास ठाऊक.

पाण्याची चक्री तेवढी थांबली नाही.
कुठल्या तरी कंपनीनं घेतली,
वीज तारांवरून डोंगरापलीकडे जाते.
मनोऱ्यात मात्र अंधार, तिथे बिल कोण भरणार.

आई एक्याण्णव वर्षांची.
कान गिरणीकडेच राहिले.
रात्री झोपण्याआधी ती सपाता काढते,
थंड फरशीवर अनवाणी उभी राहते,
थोडा वेळ, कुणाची तरी वाट पाहावी तशी.
मग माझ्याकडे वळून
तोंड मोठं करून, आवाज न काढता सांगते:
चालू आहे.