तीन उजेड

राउमा. फेब्रुवारी. सकाळचे साडेदहा,
आणि सूर्य आत्ता कुठे शेजारच्या छपरावर कोपर टेकून उभा.
बाहेर बर्फ असा, की डोळे मिटले तरी पांढरं दिसतं.
आत, स्वयंपाकघरात, तेर्होंनी स्वतः ठोकलेल्या फडताळांत
रात्र अजून घडी न मोडता ठेवलेली.

ट्रायपॉडचे पाय पसरते. त्यांना चिकटलेला बर्फ फळ्यांवर वितळतो.
फोनवर एजंट पेंत्ती, तिसऱ्यांदा:
"सगळ्या खोल्या एचडीआर. खिडकीतलं दिसायला हवं,
कोपऱ्यातलंही. अंधार कुणी विकत घेत नाही."

खरं आहे त्याचं. पण खोली म्हणजे काही
जमाखर्चाची वही नव्हे, दोन्ही बाजू सारख्या यायलाच हव्यात अशी.
मी किती घरं पाहिली आहेत तसली:
खिडकीत आभाळ निळंशार, टेबलाखाली लख्ख,
चौकटीभोवती राखाडी कड,
जागरण झालेल्या माणसाच्या डोळ्यांखाली असते तशी.
सावली औषधालाही नाही, आणि खुर्च्या
जमिनीवर टेकल्यात की तरंगताहेत, कळत नाही.

म्हणून आधी हात पुढे करते.
तळहातावर उजेड तोलायची जुनी खोड.
मग खिडकीसाठी एक, खोलीसाठी एक, कोपऱ्यासाठी एक.
पहिल्यात खोली कोळसा, पण पडद्याची जाळी उमटते,
इल्मींनी विणलेली, टाका न् टाका, मधला एक चुकलेला.
तिसऱ्यात फडताळं, किटली, गेल्या वर्षीचं कॅलेंडर.
जाळी मात्र जळून गेलेली,
खिडकी म्हणजे नुसतं पांढरं भोक.
मधल्यात दोन्ही थोडं थोडं,
अचानक आलेल्या पाहुण्यांना पुरवून वाढल्यासारखं.

इथे जोडावेच लागतील तिन्ही.
कारण या टेबलाशी बसलेला माणूस दोन्ही बघतो:
आधी जाळी, मग किटली, मग पुन्हा जाळी.
डोळा सवडीने गोळा करतो.
कॅमेऱ्याला सवड नसते, एवढाच फरक.

शटर तीनदा वाजायच्या आत इल्मी कॉफी घेऊन आल्या.
पहिल्यात नाहीत. दुसऱ्यात अर्ध्या दारात.
तिसऱ्यात, लांब एक्स्पोजरमध्ये, हातातल्या ट्रेसकट धूर.
जोडून पाहिलं: खोली सुरेख,
आणि मधोमध एक आरपार बाई,
तिच्या पोटातून चूल दिसतेय.
"पुसता येतं," मी म्हटलं. "एका क्लिकचं काम."
इल्मी चष्मा चढवून वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच.
"एक्केचाळीस वर्षं झाली या घरात," त्या म्हणाल्या,
"पण मी जाड दिसत नाही असा हा पहिलाच फोटो."
तेर्हो हसले. मग हसायचे थांबले.

पुसलं. पुसावं लागतं.
ती फाइल मात्र ठेवली, नाव न देता.

सॉना मागच्या अंगाला. काजळीने काळीकुट्ट,
हातभर खिडकी, आणि तिच्यातून बाकावर पडलेला
तेवढाच एक चौकोन उजेड. त्यात लाकडी पळी.
तिथेही तीन घेतले, सवयीने. दोन टाकले.
त्या काळ्यातून उपसून काढलं असतं
तर हाती राखच आली असती,
कणाकणाची, खरखरीत, कुणाच्याच चुलीची नसलेली.
माणसं तिथे दिसण्यासाठी जात नाहीत.

पेंत्तीचा निरोप आलाच: सॉना काळी का?
लिहिलं: ये. आत बस. दोन मिनिटं थांब.
अजून उत्तर नाही.

निघताना तेर्होंनी पायातल्या मोज्यानेच पुसली
ट्रायपॉडची ओली ठिकाणं.
दोन गेली. तिसरं चुलीच्या आडोशाला होतं,
त्यांना दिसलं नाही.
मला दिसलं. मी बूट घालत राहिले.