ऐकीव भूतकाळ

शेवटच्या पातळीवर शिकवण्यासारखं फारसं उरत नाही.
विभक्ती होऊन गेलेल्या असतात, म्हणी पाठ असतात,
ट्राममध्ये कुणी पायावर पाय दिला
तर माझे विद्यार्थी अस्खलित तुर्कीत भांडतात.
मग मी फळ्यावर एवढासा प्रत्यय लिहिते:
मिश.

डोळ्यांदेखत घडलं तर 'दी'.
कानावर आलं, मागाहून कळलं,
सकाळी बर्फावर नुसती पावलं दिसली, तर 'मिश'.
रात्री मांजर येऊन गेलं म्हणे.

"तुमचं व्याकरण पोलीसखात्यात आहे," झोर्याना म्हणते.
"दर क्रियापदाला विचारतं, तू तिथे होतीस का?"
बिश्केकची नार्गिझा हसते,
तिच्या घरच्या भाषेतही ही चौकी आहे.
आम्ही सराव करतो.
शेजाऱ्यानं गाडी घेतली म्हणे.
मी लहानपणी माती खायचे म्हणे.
वाचता वाचता झोपले म्हणे मी.
हे शेवटचं त्यांना फार आवडतं:
आपलीच झोप, आणि साक्षीदार दुसरेच.

मुतासिम मात्र 'दी'चा माणूस.
ओम्दुर्मानचा डॉक्टर;
एस्कीशेहिरच्या हॉस्पिटलात पांढरा कोट घालायचा
तर आधी माझा पेपर पास व्हायला हवा.
त्याची वाक्यं केसपेपरवरची:
ताप उतरला. रक्त थांबलं.
रुग्ण पहाटे तीनला गेला, मी उशाशी होतो.

डिसेंबरात मी निबंध दिला: 'एक दिवस', शब्दमर्यादा तीनशे.
त्यानं दोनशे बारा लिहिले.
फोन, भावाचा आवाज, मध्येच तुटलेली लाइन,
परत लावलेला, परत, परत लावलेला,
आणि शेवटी दोन शब्द.
आन्नेम ओल्मुश.
आई गेली म्हणे.

नियमानं बरोबर.
तो तिथे नव्हता. त्यानं ऐकलं.
पण आमच्यात असं म्हणत नाहीत, निदान आपल्या माणसाबद्दल नाही.
कोपऱ्यावरच्या वाण्याची आई अशी जाते,
नाहीतर हातातला फोन अजून खाली ठेवला नसेल
तर तेवढ्यापुरती आपली.
माझे बाबा सिव्रीहिसारला गेले, मी अंकाराला पेपर तपासत होते,
आणि दुसऱ्या दिवशी पाववाल्यासमोर
माझ्या तोंडून 'दी'च आला, सरळ,
जणू मी त्यांचा हात धरून बसले होते.
हे मला कुणी शिकवलं?
काही बातम्या कानातून आत उतरतात
आणि कधीतरी पाहिलेल्या होऊन बसतात.
किती दिवसांनी, हे कुठल्याच पुस्तकात नाही.
मी शोधलं. तीन व्याकरणं आहेत माझ्याकडे.

लाल पेन उघडून बसले.
समासात 'दी' लिहायचा, एवढंच तर काम.
पण मग त्या बाईवर माती मी ढकलली असती,
तेही एका गुणासाठी.
चहा निवला. सहाव्या ओळीत
एक स्वल्पविराम जास्तीचा होता,
त्याच्याभोवती गोल केला.
पैकीच्या पैकी देववेना, कमीही करवेना;
गुणांची जागा कोरी ठेवून वही परत केली.
त्यानंही विचारलं नाही.

मार्चमध्ये, पोर्सुकवरच्या नावा पुन्हा रंगवायला काढल्या तेव्हा,
तोंडी सराव चालला होता.
नार्गिझानं त्याला विचारलं,
टाके इतके बारीक घालायला कुणी शिकवलं?
"आईनं," तो म्हणाला. "लग्नाचे कपडे शिवायची.
सुईत दोरा ओवायचं काम माझं.
ती ओल्दू. मागच्या हिवाळ्यात."
आणि पुढे शिवणयंत्राबद्दल सांगत राहिला,
पायाच्या पट्टीबद्दल, ती कशी करकरायची त्याबद्दल.

त्याच्या लक्षातही आलं नाही.
नार्गिझाच्या आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी वळले, कोरा फळा पुन्हा पुसला,
मग म्हणाले, पुढचा धडा काढा,
आणि पानाचा आकडा चुकीचा सांगितला.