नऊ नंबरचा ड्रायर

टोलीडोत, सिल्व्हेनिया अव्हेन्यूवर,
रात्री अकरानंतर लॉन्ड्रोमॅटमध्ये आम्ही दोघंच:
मी, सुट्ट्या नाण्यांची राखणदार,
आणि थर्मन बोल्डन, वय एकसष्ट,
शाळेचं राहून गेलेलं प्रमाणपत्र
मार्चच्या परीक्षेत मिळवायला निघालेला.

पुस्तक उघडं. त्यात छापलंय,
वाय बरोबर के एक्स.
"हा के कोण?" तो विचारतो,
जणू कुणी न बोलावताच पंगतीत येऊन बसलाय.

मी हे बार्शीच्या शाळेत शिकले, मराठीतून.
तिथे याला समचलन म्हणायचे,
आणि चलन म्हणजे पैसासुद्धा.
माझ्या एप्रनच्या खिशात तेच खुळखुळतंय.
पण ही गंमत इंग्रजीत नेता येत नाही,
वाटेतच सांडते.

म्हणून एक क्वार्टर काढते,
ड्रायरच्या फटीत सरकवते.
सहा मिनिटं.
दुसरं. बारा.
पाच नाणी, तीस.
थर्मन पावतीच्या पाठीवर दोन रकाने आखतो.
मिनिटांना नाण्यांनी भाग, मी सांगते,
कुठलीही ओळ घे.
सहा. सहा. सहा.
तो वरून खाली बघतो, खालून वर बघतो,
वाण्याची उधारीची वही तपासावी तसा.
"आणि एकही नाणं नाही टाकलं तर?"
तर शून्य मिनिटं. रेष शून्यातूनच निघते.
फक्त तिथे भागाकार करायला जाऊ नकोस.

"मग वॉशर?"
वॉशर यात बसत नाही.
तो एका मोज्याचेही साडेचार डॉलर घेतो.

"आणि हा नऊ नंबर?"
म्हातारा झालाय. एका नाण्याला चारच मिनिटं देतो.
"पण दर वेळी चारच?"
दर वेळी चारच.
"मग प्रामाणिक आहे," थर्मन म्हणतो,
आणि त्याच्यासाठी
कमी चढाची दुसरी रेष काढतो.

नंतर बराच वेळ काही बोलत नाही.
ड्रायरच्या गोल काचेवर नखाने टिचकी मारतो, ऐकतो.
पाव इंची काच, चौरस फुटाला सव्वातीन पौंड.
दहा फुटांना साडेबत्तीस. विसांना पासष्ट.
काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं
शीट उचलायच्या आधीच
त्याच्या खांद्यांना आकडा कळायचा.
"म्हणजे हा के माझ्या ओळखीचा होता की.
नाव तेवढं कुणी सांगितलं नव्हतं."

मग हुरूप येऊन तिसरा तक्ता मांडतो:
नोकरीची वर्षं, महिन्याचं पेन्शन.
दहा वर्षांना इतकं, विसांना त्याच्या दुप्पट,
असं त्यांनी छापून दिलं होतं, रंगीत कागदावर.
एकतिसाशी पेन्सिल अडते.
कारखाना बंद झाला, पाकीट आलं,
पाकिटात निराळाच आकडा.
मी भागून बघते. पुन्हा भागते.
के जुळत नाही.
पुस्तकाची बाजू घेऊन मी म्हणते,
स्थिरांक असा मध्येच बदलत नसतो.
"मग तो के नव्हता,"
थर्मन म्हणतो,
आणि ती ओळ खोडत नाही. राहू देतो.

बाहेरून बर्फ खरवडणारी गाडी जाते,
खिडक्या थरथरतात.
ड्रायर थांबतो. बरोबर तीस मिनिटं.
तो जीन्स काढतो, कंबरपट्टा चाचपतो.
दमट.
मी काही बोलणार तोच हात वर करतो.
"माहितीये.
पुस्तकात कंबरपट्टा नसतो."

मी खिशातलं एक नाणं पुढे करते.
तो घेत नाही.
कोटाचे चारही खिसे उलटे करून
स्वतःचंच शोधून काढतो,
जीन्स उचलून नऊ नंबरात कोंबतो,
नाणं टाकतो,
आणि आकडा उजळायच्या आत म्हणतो,
"चार."