दोन टिचक्या

हीटर लावला तरी फेब्रुवारीत
सस्कॅचेवानचा पत्रा हाताला डसतो.
ओरेस्ट बाहेर, रिव्हेट ठोकायची बंदूक घेऊन,
आणि मी पंखाच्या पोटात, खांद्यापर्यंत,
मुठीत लोखंडी ठोकळा,
न दिसणाऱ्या शेपटीवर दाबून धरलेला.
दोघांच्या कानांवर मफ. बोलणं बंद.
म्हणून ठरवून घेतलं होतं :
पत्र्यावर एक टिचकी, बसला.
दोन, पुन्हा.

खोकी आली तेव्हा धाकटी नववीत होती.
तिचं लग्न झालं, मोडलं,
ती रेजायनात नोकरीला लागली,
तरी विमानाला अजून नाक नव्हतं.
लोक म्हणायचे, ह्या वयात? जमिनीचा तुकडा विकून?
ओरेस्ट म्हणायचा, ट्रॅक्टर घेतला तेव्हा
कुणी वय विचारलं नाही.

मला उडायचं वेड नव्हतं, खरं सांगते.
मला आवडलं ते मोजणं.
पेरोगीची पारी जाड लाटली गेली
तर ती निमूट पोटात जाते.
इथे केसभर सरकलेलं भोक
बारा वर्षं तुमच्याकडे बघत राहतं.

एक रिव्हेट चंद्रकोरीसारखा चेपला होता,
डाव्या आसनाखाली. त्याच्या.
राहू दे, म्हणाला, तपासनीस पास करेल.
फ्रीसनसाहेबांनी केलाही असता.
रात्री सपाता घालून मी गेले
आणि ड्रिलने तो काढला.
पण नवा काही एकटीला बसवता येईना.
एका हातानं टाळी वाजत नाही, म्हणतात;
मी त्या भोकापाशी उकिडवी, बंदूक मांडीवर,
थंडीनं दात वाजत होते तेवढेच.
सकाळी त्यानं भोक पाहिलं.
काही न बोलता मफ चढवले.

जूनमध्ये पंख ट्रेलरवरून माळावर नेले.
कायदा असा, की पहिले पंचवीस तास
वैमानिक एकटा. शेजारी कुणी नाही.
अकरा हजार रिव्हेट,
प्रत्येकाची आतली बाजू माझी,
आणि मी कुंपणापाशी गवतात उभी,
कोटाच्या खिशात तो ठोकळा.
कशाला आणला, कोण जाणे.

ते धावलं. एकदा उसळलं, टेकलं,
मग चाकांखाली उजेडाची फट दिसली
आणि ती रुंद होत गेली.
पिवळ्या कॅनोलावरून सावली सुटी झाली.
मी सावलीकडेच बघत होते.
वर बघायचा धीर होईना.

वीस मिनिटांनी उतरला.
गुडघे लटपटत होते त्याचे, हसू मात्र पोरासारखं.
कसं दिसलं, विचारलं त्यानं.
इंजिन नुकतंच थांबलेलं, कान बधिर,
काय बोलायचं ते सुचेना.

पंख अजून गरम होता.
मी खिशातला ठोकळा काढला
आणि हळूच
दोनदा वाजवला.